सीमेपलीकडची गाडी निवडताना

मुंबईहून पूर्वेकडे निघालेल्या अनेक व्यापाऱ्यांचे विमान हाँगकाँगला बदलते. मधे दहा-बारा तास मोकळे असतात आणि सीमेपलीकडे लगेच शेन्झेन शहर असते. तेथील दागिन्यांची किंवा इलेक्ट्रॉनिक मालाची बाजारपेठ तेवढ्या वेळात पाहून यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. या फेरीत भाड्याचा खर्च किरकोळच. पणाला लागते ते पुढचे विमान, व्हिसा आणि सोबतचा माल.

हाँगकाँग चीनचाच भाग असला, तरी त्याचे इमिग्रेशन, जकात आणि चलन वेगळे आहे. हाँगकाँगमध्ये वाहने डावीकडून धावतात, शेन्झेनमध्ये उजवीकडून. भारतीय पासपोर्टधारकाला हाँगकाँगमध्ये व्हिसाशिवाय १४ दिवसांपर्यंत राहता येते. मात्र त्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते. चीनचा व्हिसा निराळा असून तो भारतातूनच घेऊन निघावे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर तो या एका फेरीतच संपतो. पुढे पुन्हा चीनमध्ये जायचे असल्यास ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

कागदपत्रे पुरी झाली, की वाहनाचा विचार करावा. हाँगकाँगची साधी टॅक्सी सीमा ओलांडू शकत नाही. ती नाक्यापर्यंतच सोडते. थेट पलीकडे जाणाऱ्या मोटारीला दोन्ही बाजूंचे परवाने लागतात आणि तिच्यावर सहसा दोन नंबरपाट्या असतात. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: दोन्ही परवाने आहेत का, गाडी कोणत्या नाक्यावरून जाणार, टोल व थांबण्याचे पैसे भाड्यात धरले आहेत का आणि परतीची गाडी कोठे, किती वाजता मिळेल. उत्तरे लेखी घ्यावीत. विमानतळावर जवळ येऊन कमी भाडे सांगणाऱ्या अनोळखी माणसामागे जाऊ नये. विनापरवाना गाडीला अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण मिळेलच, असे नाही. विमानतळाच्या आगमन कक्षातील अधिकृत काउंटरवरून पावती घेऊनच गाडी ठरवावी.

बस स्वस्त पडते. पण नाक्यावर सामानासह उतरून तपासणीनंतर पुन्हा चढावे लागते. शेन्झेन बे येथे दोन्ही बाजूंची तपासणी एकाच इमारतीत होते, म्हणून तेथे धावपळ कमी. काही नाकी मध्यरात्री बंद होतात. लोक मा चाऊ-हुआंगगांगचा रस्ता मात्र चोवीस तास खुला असतो. विमानतळाच्या स्कायपियर धक्क्यावरून शेन्झेनच्या शेकोउ बंदराला फेरीबोट जाते. तिने जाणाऱ्याला हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून जावे लागत नाही. म्हणून तिचे तिकीट इमिग्रेशन ओलांडण्यापूर्वीच काढावे आणि तेथे सामानाची पावती दाखवावी. रात्री उशिरा ही बोट मिळत नाही.

वेळेचा हिशेब पुढच्या विमानापासून उलटा मांडावा. विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पोचायचे, त्याआधी सीमेवरची रांग आणि त्याआधी शहरातली वाहतूक. उरलेल्या वेळात दोन तासांचेही काम होत नसेल, तर जाऊच नये. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डिसेंबरच्या सुरुवातीला तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संध्याकाळी नाक्यावर गर्दी असते. तेव्हा निघतानाच डब्याची सोय करावी. चीनच्या जकातीत ताजी फळे, भाज्या आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. खाकरा-चिवड्यासारखा कोरडा फराळ बरा.

व्यापारी नमुने किंवा दागिने सोबत असतील, तर ते जकात कार्यालयात आपणहून जाहीर करावेत. लपवलेला माल सापडला, तर मालाबरोबर विमानही जाते.

हे सारे जमत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. शेन्झेनच्या अनेक पुरवठादारांची कार्यालये हाँगकाँगमध्येही असतात. आधी कळवले, तर नमुने तेथेच पाहता येतात. ज्याला माल विकायचा आहे, त्याने ग्राहकाकडे यावे, हा व्यापाराचा जुनाच रिवाज आहे.