वाचनालय आहे, पण कुठे?

वर 'सार्वजनिक वाचनालय' एवढेच नाव, त्याखाली संस्थापकांचे छायाचित्र, मग विद्यमान कार्यकारिणी, शतक महोत्सवाचा वृत्तांत आणि पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे. गाव कोणते, रस्ता कोणता, दार किती वाजता उघडते आणि साप्ताहिक सुटी कधी, याचा मात्र उल्लेख नाही. राज्यातल्या अनेक ग्रंथालयांची संकेतस्थळे आज अशी आहेत. दूरध्वनी क्रमांक असलाच तर तो कधीच बंद पडलेला, नाहीतर दोन निवडणुकांपूर्वीच्या कार्यवाहांचा खासगी मोबाइल.

हा प्रकार किरकोळ समजण्याचे कारण नाही. 'सार्वजनिक वाचनालय', 'नगर वाचनालय' ही नावे गावोगावी आहेत. नाशिकचे 1840चे सार्वजनिक वाचनालय तिथल्या लोकांना 'सावाना' म्हटले की कळते, पण परगावच्या अभ्यासकाने काय शोधायचे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या अनेक शाखांच्या संस्थेत तर मुख्य कार्यालयाचा पत्ता देऊन भागत नाही. संदर्भ विभाग कुठे आणि घरी पुस्तके देणारी शाखा कुठे, हे वेगळेच सांगावे लागते. जुन्या मासिकाचा एखादा अंक पाहायला नागपूरहून निघालेल्या माणसाला बंद दारापुढे उभे करणे म्हणजे तो पुन्हा येणार नाही, याची तजवीजच.

त्याहून गंभीर नुकसान कुणाच्या नजरेस येत नाही. आजोबांचा ग्रंथसंग्रह ग्रंथालयाला द्यावा, असे परदेशातल्या नातवाला वाटते. तो दोन-तीन ठिकाणी फोन लावतो, कुणी उचलत नाही आणि घर रिकामे करायची तारीख येते. मग संग्रह रद्दीत जातो. वाचक कमी झाले, देणगीदार उरले नाहीत, ही रड वार्षिक सभेत दरवर्षी ऐकू येते. त्यांनी यायचे तरी कुठे, हे आधी सांगा!

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातले चौथे. 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीदिनी, तसबिरीला हार घालणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये शासनाचे अनुदान घेतात, तपासणीला सामोरी जातात. पुस्तकांची संख्या आणि हजेरीपट पाहणाऱ्या तपासणी अधिकाऱ्याने संकेतस्थळावर पिनकोडसह पूर्ण पत्ता, जवळची खूण, वेळ, सुटी आणि संस्थेचा चालू क्रमांकही पाहावा. हा क्रमांक कुणा पदाधिकाऱ्याचा नव्हे, संस्थेचाच हवा. शेवटची दुरुस्ती कधी झाली, ती तारीखही तिथे असावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, एका दुपारचे काम आहे. ग्रंथालय संचालनालयाने तसे परिपत्रक काढावे आणि पुढच्या तपासणीपासून ते सक्तीचे करावे. कार्यवाहांनी मात्र परिपत्रकाची वाट न पाहता आजच आपल्या संस्थेचा छापलेला क्रमांक स्वतः फिरवून पाहावा.