शेवटचा आकडा

साताऱ्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एकाच नावाचे दोन आजोबा. केसपेपर क्रमांकात ४७ चे ७४ झाले आणि एकाचा रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच्या कागदांत लागला. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं.

आता सांगलीत ओपीडीच्या खिडकीवर आधार क्रमांक टाकताना असे आकडे उलटे पडले, तर संगणक तिथल्या तिथे अडवतो. बारा आकड्यांतला शेवटचा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. डच गणिती व्हर्होफ यांची ही १९६९ची रीत. नुसत्या बेरजेत ४ अधिक ७ काय नि ७ अधिक ४ काय, सारखंच. त्यांनी पंचकोन फिरवण्या-उलटवण्याचं गणित घेतलं. तिथे क्रमाला किंमत आहे. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले, की चूक हमखास सापडते. अर्थात दुसऱ्याचाच बिनचूक क्रमांक टाकला, तर ही युक्ती गप्प.

मग केसपेपरला आणि रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीला असा एक जादा आकडा का नको? खर्च जवळजवळ शून्य. मी विचारलं, तर आमचे क्लार्क म्हणाले, “साहेब, आहेत तेच आकडे लिहून हात दुखतो.”