साठी, बुद्धी आणि गोळी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांची वाट धरतात. मागे राहतात म्हातारी माणसे. एखाद्या आजीला आत्ताच जेवल्याचे आठवत नाही, ती आपल्याच गल्लीत चुकते. गाव 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होते. हा स्मृतिभ्रंश असू शकतो. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. त्याचाच एक प्रकार असलेला अल्झायमर डोनेपेझिल या गोळीने बरा होत नाही. काहींची लक्षणे काही काळ आवरतात, तीही गोळी रोज घेतली तर. निदानासाठी अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण आष्टी-पाटोद्याहून गोळीसाठी दर महिन्याला आजीला तिथे नेणार कोण?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोरुग्णांना अत्यावश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर मोफत मिळायला हवीत, आणि स्मृतीचा गंभीर विकार त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो. तेव्हा निदानानंतरची गोळी रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर तालुक्यातच द्यावी. ती घेतली जाते का, हे आशाताई पाहतील. त्यांचे मानधन मात्र वेळेवर द्या. आरोग्य विभागाने ही सोय कोयते निघण्याआधी करावी.