दोन्ही घेतले तर बिघडले कुठे?

डोकेदुखीवर सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही. ताप उतरेना तर लोक डॉक्टरचे नाव सुचवतात, हाड मोडले तर हाडवैद्याचे. पण अर्धशिशी म्हटली की जो तो स्वतःच वैद्य होतो. एक म्हणतो, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा. दुसरी सुंठ उगाळून कपाळाला लावायला सांगते. तिसऱ्याच्या माहितीत अशी एक पुडी असते की, तीन खेपांत दुखणे मुळासकट जाते. आणि ह्या सगळ्या सल्ल्यांची सांगता एकाच वाक्याने होते : "डॉक्टरची गोळीही चालू ठेवा, हेही करून पाहा. दोन्ही घेतले तर बिघडले कुठे?"

वाक्य इतके समंजस दिसते की त्याला विरोध करणारा हटवादी ठरावा. तो आरोप पत्करून मी म्हणतो की, बिघडते. आणि बहुधा नेमके तेथेच बिघडते. माझे भांडण आयुर्वेदाशी नाही आणि ॲलोपॅथीशीही नाही. दोन्ही पद्धतींचा मेळ जाणत्या माणसाने, दोन्हींचा हिशेब ठेवून घातला तर त्याला माझा नमस्कार आहे. माझे भांडण आहे ते बिनहिशेबी मिश्रणाशी, आणि त्या मिश्रणावर शास्त्राची पाटी ठोकून बसलेल्या दवाखान्यांशी.

प्रथम दुखण्याकडे पाहू. हे दुखणे नवे नाही आणि श्रीमंतांचेही नाही. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यांतला एक अर्धावभेदक. ग्रीक वैद्य गॅलेन ह्याने त्याच व्यथेला 'अर्ध्या कवटीचे दुखणे' अशा अर्थाचे नाव दिले आणि त्या नावाचा अपभ्रंश होत होत आजचा 'मायग्रेन' हा शब्द आला. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच अर्ध्या डोक्यावर बोट ठेवले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २००९ साली घरोघर जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेली माणसे सुमारे चारांत एक निघाली. आणि बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक. म्हणजे हा अंक ज्या घरात वाचला जात आहे, त्या घरातही एखादी तरी व्यक्ती ह्या दुखण्याची ओळखीची असणार, आणि ती बहुधा ह्या घटकेला फराळाच्या धुरात उभी असणार.

आता वाशीम जिल्ह्याकडे या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. मानोरा तालुक्यातली एखादी गृहिणी डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू. पहाटे उठून भाकरी थापायच्या, उपाशीपोटी शेत गाठायचे, माथ्यावर ऊन, घशाला कोरड, रात्री झोप अपुरी, त्यात नवरात्राचे उपास नुकतेच झालेले. अर्धशिशीला निमंत्रण देणाऱ्या गोष्टींची यादी करायला एखाद्या तज्ज्ञाला बसवले, तर तो ह्याहून वेगळे काय लिहील? डोके उठते, उलटी होते, उजेड सोसवत नाही. घरातले म्हणतात, "बायकांचे डोके दुखायचेच." ती दुकानातून गोळी आणवते. पुढच्या आठवड्यात बाजाराच्या गावी एका डॉक्टरची चिठ्ठी मिळते. नणंदेच्या सांगण्यावरून एका वैद्याची पुडी सुरू होते. दिवाळीनंतर कोणी तरी अकोल्याला नेऊन डोक्याचा फोटो काढून आणते. फोटोत काही निघत नाही आणि मग घर एकमुखाने निकाल देते की, हिला काही झालेलेच नाही!

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते ह्यालाच. मायग्रेन कोणत्याही फोटोत दिसत नाही. तो ओळखायचा असतो विचारपूस करून. फोटो काढायचा तो दुसरे काही भयंकर नाही ना, एवढी शंका आली तर.

पण बिघडले कुठे, हा प्रश्न अजून उरलाच आहे. त्याचे उत्तर असे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र वेदनाशामके, अर्गट, ट्रिप्टान ह्या जातीच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की ती औषधेच डोकेदुखी निर्माण करू लागतात. अधूनमधून येणारी अर्धशिशी रोजची होते. आता त्या गृहिणीचा हिशेब मांडा. दुकानाची गोळी, डॉक्टरची गोळी आणि पुडी. पुडीवर नाव नाही. तीत एखादी वेदनाशामक गोळी कुटून घातलेली आहे की नाही, हे तिला कोण सांगणार? डॉक्टरला पुडी ठाऊक नाही, वैद्याला चिठ्ठी ठाऊक नाही, दुकानदाराला दोन्ही ठाऊक नाहीत. प्रत्येकाने आपापल्या परीने थोडेच दिले. बेरीज मात्र तिच्या डोक्यात झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या!

कोणी म्हणेल, "झाडपाल्याने काय होते? ते तर नैसर्गिक." हा भ्रम सुशिक्षितांत अधिक आहे. ज्या अर्गटची गोळी आपण इंग्रजी म्हणून घेतो, ते राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीपासून निघते. तेव्हा निसर्ग त्या बाजूलाही आहे. युरोपात बटरबर नावाच्या वनस्पतीचा मायग्रेनवर बोलबाला झाला. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये तिची शिफारसही केली. आणि यकृताला अपाय होत असल्याच्या चिंतेने ती मार्गदर्शिका २०१५ मध्ये मागे घेतली. आपल्या घरचा ज्येष्ठमध घशाला गोड. पण दीर्घकाळ भरपूर पोटात गेला तर रक्तदाब चढवतो. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची एक तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून आयुर्वेद टाकून द्यावा असे नव्हे. ज्या सुश्रुताने अकरा शिरोरोग वेगवेगळे सांगितले, त्याच्या नावाने अकराही रोगांना एकच पुडी बांधणारा माणूस वैद्य नव्हे, एवढेच मला म्हणायचे आहे.

आणि ह्या सगळ्याला आधुनिक डॉक्टर कमी जबाबदार आहेत असे कोणी समजू नये. दोन मिनिटांत रोगी उठवायचा, "टेन्शन घेऊ नका" म्हणायचे, आणि पाच गोळ्यांची चिठ्ठी हाती ठेवायची, ही रीत कोणत्या शास्त्रात बसते? रोगी वैद्याकडे जातो तो बहुधा औषधासाठी नव्हे. तेथे कोणी तरी अर्धा तास ऐकून घेते म्हणून जातो. वास्तविक आधुनिक वैद्यकाजवळ स्वस्त आणि जुनी हत्यारे आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयरोगाचे औषध मायग्रेनचे झटके कमी करते, हे १९६६ च्या सुमारास योगायोगानेच कळले. पण ते दम्याच्या रोग्याला देता येत नाही. व्हॅलप्रोएट गुणकारी खरे. पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला दिले तर गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो. आणि ज्या बाईच्या डोळ्यांपुढे डोके उठण्याआधी चकाकत्या नागमोडी रेषा येतात, तिने 'माला-एन'सारखी इस्ट्रोजेन असलेली संततिनियमनाची गोळी घेऊ नये. पक्षाघाताचा धोका वाढतो. ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. किती डॉक्टर विचारतात की, "ताई, पाळणा लांबवायची गोळी घेता का? डोळ्यांपुढे काही चमकते का?" दोन प्रश्न आहेत. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

आता पाटीकडे वळू. 'संमिश्र', 'समन्वयी', 'इंटिग्रेटेड' ही नावे हल्ली दवाखान्यांच्या दारावर दिसतात. हा वाद तसा जुना. चोप्रा समितीने १९४८ मध्ये दोन्ही पद्धतींचा समन्वय सुचवला. पुढे १९६३ मध्ये व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. 'शुद्ध' आणि 'मिश्र' ह्यांच्या भांडणात महाराष्ट्रातली वैद्यमंडळी हिरिरीने उतरली होती. त्या भांडणात निदान तत्त्व होते. आजच्या पाटीत पुष्कळदा एवढाच अर्थ असतो की, एकाच टेबलाच्या दोन खणांत दोन प्रकारच्या बाटल्या आहेत.

समन्वय म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर दिल्लीच्या 'एम्स'कडे पाहावे. तेथे मायग्रेनच्या १६० रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची औषधे. दुसऱ्याला तीच औषधे आणि त्यांच्या जोडीला योगाभ्यास. महिनाभर शिक्षकासमोर, पुढे दोन महिने घरी. शेवटपर्यंत टिकले ११४. योगाच्या गटात झटके अधिक घटले, गोळ्याही अधिक कमी झाल्या. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. आपण योग करतो आहोत हे रोग्यांना ठाऊक होते आणि बरेच जण मध्येच गळले, ही ह्या प्रयोगाची उणीव. ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. पण त्याची रीत पाहा. औषध सोडायला लावले नाही, जोड दिली. आणि दुखण्याचे दिवस मोजले. जो मोजतो त्याचाच समन्वय खरा. बाकीची खिचडी.

मग दवाखाना निवडावा कसा? माझी कसोटी सोपी आहे : तुम्हांला जास्त प्रश्न विचारतो तो दवाखाना चांगला. महिन्यातून किती दिवस दुखते, त्यांपैकी किती दिवस गोळी घेता, आणखी कोणाचे काय चालू आहे, पाळी, गर्भ, रक्तदाब, दमा, झोप, उपास, हे सगळे विचारून जो लिहून घेतो, तेथे बसावे. जो दारातच "कायमचे बरे करतो" म्हणतो, तेथून उठावे; कारण हे दुखणे आवरता येते, दिवस निम्म्यावर आणता येतात, पण मुळासकट उपटण्याची हमी आज कोणालाच देता येत नाही. जो पहिली औषधे परस्पर बंद करायला लावतो, तेथूनही उठावे. औषधाचे नाव कागदावर मागावे. नाव नसलेली पुडी घेऊ नये. पदवी कोणती आणि नोंदणी कोणत्या परिषदेची, हे विचारण्यात अपमान नाही. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी ह्यांच्या परिषदा महाराष्ट्रात वेगवेगळ्या आहेत, त्या काही शोभेसाठी नव्हेत. आणि एकाएकी वीज कोसळावी तसे डोके दुखले, तापाबरोबर मान ताठली, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, पन्नाशीनंतर नव्यानेच दुखणे उपटले, तर जिलबीही नको आणि पुडीही नको. तडक मोठे रुग्णालय गाठावे.

"आमच्या मावशीला त्याच पुडीने गुण आला," हे उत्तर मला ठाऊक आहे. आला असेल. पण अर्धशिशी आपल्या लहरीने येते आणि लहरीने ओसरते. ती शिगेला पोचली की माणूस नवा वैद्य गाठतो, आणि तेथून ती उतरणारच असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! औषधाचा गुण ठरवायचा तर दोन-तीन महिने आधीचे आणि दोन-तीन महिने नंतरचे दिवस शेजारी मांडून पाहावे लागतात.

"खेड्यातल्या माणसाने एवढे कुठे विचारत बसायचे?" हा दुसरा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. म्हैस घेताना जो माणूस तिचे दात, सड आणि वेत विचारून मालकाला भंडावतो, त्याला बायकोच्या दुखण्याबद्दल चार प्रश्न सुचत नाहीत, हे अडाणीपण नव्हे. ती त्या दुखण्याची घरात ठरलेली किंमत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चांगले झाले. पण तेथल्या डॉक्टरपुढे बसल्यावर "केव्हापासून?" ह्या प्रश्नाला जर नवराच परस्पर "असेच, अधूनमधून" म्हणून उत्तर देणार असेल, तर महाविद्यालय काय करील?

आपल्या घरोघर भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्या चौकटींत दुधाचा हिशेब असतो, गॅसचे सिलिंडर कधी लावले ते असते, मोलकरणीचे खाडे असतात. ह्या दिवाळीपासून त्याच चौकटीत आणखी एक खूण करा : डोके दुखले त्या दिवशी फुली, गोळी घेतली त्या दिवशी फुलीभोवती गोल. तीन महिन्यांची पाने फाडून पिशवीत घाला आणि मग डॉक्टरकडे जा, वैद्याकडे जा, दोघांकडेही जा. पण दोघांपुढे तीच पाने ठेवा. जो ती पाहायला हात पुढे करील त्याचे औषध घ्या. जो "हे कशाला?" म्हणेल, त्याची पाटी कितीही मोठी असो, पायरी उतरा.