गोळीपेक्षा नाचणीचा कोंडा बरा

वनस्पतिजन्य पॉलिफेनॉलच्या गोळ्या घेतल्यास तेलातुपाच्या जेवणानंतर रक्तातील चरबी वाढत नाही, असा प्रचार आता खेड्यापर्यंत पोहोचला आहे. असे जेवण झाल्यावर तीन-चार तासांनी रक्तातील चरबीचे प्रमाण सर्वाधिक होते, हे खरे. चरबी पचविणाऱ्या रसाच्या कार्यास ही द्रव्ये अडथळा करतात, हेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत; कित्येक प्रयोग तर मोजक्याच माणसांवर झालेले. तेवढ्याच्या भरवशावर शेतकऱ्याने घामाचा पैसा खर्चावा, हे आम्हांस पटत नाही.

नवल असे की, हीच द्रव्ये नाचणीच्या तांबड्या सालीत भरपूर असतात. आणि पीठ वस्त्रगाळ करून तो कोंडा आपण म्हशीपुढे टाकतो! नाचणीने रक्तातील चरबी उतरेल, असा आमचा दावा नाही. परंतु न चाळलेल्या पिठात तंतू असतात, शिवाय 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. पदरचे धान्य विकून गोळी घेण्यात कोणता हिशेब आहे?

ग्रामकार्यकर्त्यांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. रक्तातील चरबीवर डॉक्टरांचे औषध चालू असलेला कोणी या गोळ्यांपायी ते सोडू लागल्यास त्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.