एक कण, दोन पारडी

१९९९ साली लंडनमध्ये टीव्ही निवेदिका जिल डँडो यांची गोळी घालून हत्या झाली. बॅरी जॉर्ज यांच्या कोटाच्या खिशात गोळीबाराच्या अवशेषाचा एकच सूक्ष्म कण सापडला. त्याचाही आधार घेऊन २००१ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पुढे तज्ज्ञांनी तुलना केली: माणूस दोषी असेल तर असा कण सापडण्याची शक्यता किती, आणि निर्दोष असेल तर किती? दोन्ही सारख्याच! म्हणजे पुराव्याचे वजन शून्य. २००७ मध्ये शिक्षा रद्द झाली, २००८ च्या फेरखटल्यात ते निर्दोष सुटले.

मी भाषेचा शिक्षक, गणिताचा नव्हे. पण तराजूला दोन पारडी असतात, एवढे मला कळते. ज्याच्यावर आधीच संशय असतो, त्याचे दुसरे पारडे कोणी पाहतच नाही. न्यायालयाने ते पाहायलाच हवे.