नवे लेबल, खोटा पुरावा: जुन्या रेडिओंच्या ‘पुनरुज्जीवना’विषयी

१/१०
#धागा
बंद पडलेला जुना रेडिओ पुन्हा बोलता करणारे हात आदरास पात्र आहेत. आक्षेप शेवटच्या टप्प्याला आहे. झिजलेले बोधचिन्ह खरवडायचे, संगणकावर छापलेले नवे चिकटवायचे आणि ‘अगदी मूळ स्थितीत’ म्हणून मिरवायचे, ही पुराव्यातील ढवळाढवळ होय.

२/१०
गडावरील शिलालेखाची पुसट अक्षरे कोणी छिन्नीने पुन्हा कोरली किंवा ऑइलपेंटने भरली, तर आपण संतापतो. कारण त्यानंतर मूळ वाचन काय होते, हे कोणालाच तपासता येत नाही. रेडिओवरील लेबल हादेखील लेखच आहे. मग त्याला निराळा न्याय कशासाठी?

३/१०
उदाहरण पाहा. १९२२ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली. त्या आरंभीच्या काळातील संचांवर ‘बीबीसी’ ही अक्षरे आणि पोस्टमास्टर जनरलच्या मान्यतेचा उल्लेख असलेली गोल मुद्रा असे. संच कंपनीच्या सभासद उत्पादकाने बनवला आहे, याची ती साक्ष होती. आज तीच मुद्रा छापून एखाद्या घरगुती पेटीवर चिकटवली, तर त्या पेटीची वंशावळच बदलते.

४/१०
याहून गंभीर प्रकरण जर्मनीचे. ऑगस्ट १९३३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘फोक्सएम्फेंगर’, म्हणजे लोकांचा रेडिओ, सादर झाला. किंमत ७६ राइशमार्क. मॉडेल क्रमांकातील ‘३०१’ हा आकडा ३० जानेवारीचा, म्हणजे हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवसाचा. या मालिकेतील अनेक संचांच्या दर्शनी भागावर गरुड आणि नाझी स्वस्तिक होते.

५/१०
१९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. त्यानंतर अनेक मालकांनी हे चिन्ह खरवडून काढले. भीतीने? लाजेने? की रेडिओ तर हवा, पण खूण नको म्हणून? कारणे घरागणिक वेगळी असतील. ओरखडा मात्र खरा आहे. एका राजवटीचा अंत सामान्य माणसाच्या बैठकीच्या खोलीत कसा झाला, याचा तो दस्तऐवज आहे. त्यावर नवे कोरे चिन्ह बसवणारा १९३३ परत आणत नाही, तो १९४५ मात्र पुसून टाकतो.

६/१०
आता एक पुठ्ठ्याचा तुकडा. १ सप्टेंबर १९३९ च्या वटहुकुमाने जर्मनीत परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरले. ऐकलेली बातमी पसरवणाऱ्यास गंभीर प्रकरणी देहदंडाचीही तरतूद होती. हा इशारा छापलेली पत्रके केंद्र लावण्याच्या बटणाला अडकवली जात. तशी नक्कल आज कोणत्याही संचाला लटकवली, तर ‘या घरात हा इशारा होता’ असा दावा आपण पुराव्याविना करतो.

७/१०
प्रतिवाद ठरलेला असतो: ‘लेबलच नसेल, तर रेडिओ नवा असताना कसा दिसे, हे पाहणाऱ्याला कसे कळणार?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे आहे. शेजारी छायाचित्र ठेवा, प्रतिकृती वेगळ्या फलकावर लावा. डायलवरील आकडे पूर्ण गेल्याने केंद्र लावणेच अशक्य झाले असेल, तर नवी काच जरूर बसवा. जुनी मात्र जपून ठेवा.

८/१०
हा कोणा एकाचा हट्ट नव्हे. वास्तूंच्या जतनासाठीची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवा भरलेला भाग मुळापासून ओळखू आला पाहिजे. मंदिराच्या दगडाला जो नियम, तोच बेकेलाइटच्या पेटीला का नसावा?

९/१०
म्हणून काही पथ्ये:
• हात लावण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्या.
• डायलच्या काचेची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसू नका. अक्षरे बहुधा तिथेच छापलेली असतात आणि पाण्याने सुटतात.
• मूळ लेबल खरवडू नका. त्यावर नवे चिकटवू नका.
• नव्या लेबलावर ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि वर्ष छापा.
• संच विकताना हे सारे लेखी सांगा.

१०/१०
निनावी लेबल चिकटवणाऱ्याचा हेतू शुद्ध असेलही. पण त्याच्यानंतर तो संच दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या हाती जातो, आणि तिसरा माणूस त्या लेबलावरून निर्मितीचे वर्ष ठरवतो. म्हणून बाजारात किंवा प्रदर्शनात लखलखीत लेबलाचा जुना रेडिओ दिसला, की एकच प्रश्न विचारा: ‘मूळ लेबल कुठे आहे?’ उत्तर मिळाले नाही, तर त्या लेबलावर कोणताही निष्कर्ष उभारू नका.